ग्रामसभेत तीन मिनिटं बोलायचं तर

मांडवगण फराट्याच्या ग्रामसभेत आपल्याला एक विषय मांडायचा आहे, असं धरून चालू. भीमाकाठचा हा उसाचा भाग. फडात बिबट्याची भीती, आणि थंडीत वस्तीवरची मुलं अंधारातच शाळेला निघतात. रस्त्यावर दिवे हवेत. पारावर हेच आपण तासभर बोलतो. माईक हातात आला की घशाला कोरड पडते. ती घालवायची तर तयारी घरापासून करावी लागते.

आधी शेवट लिहा. सभा उठली की मागे उरतं ते इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं याची वहीतली नोंद. त्यात कोणतं वाक्य यायला हवं, ते कागदावर उतरवा : ‘ओढ्याच्या पुलापासून वस्तीपर्यंतच्या खांबांवर दिवे बसवावेत.’ पुष्कळांचं इथेच चुकतं. ‘प्रशासनाने लक्ष द्यावे’ असं म्हटलं की कुणी, कुठे, काय करायचं हे कुणालाच कळत नाही.

मग मोजदाद करा. रस्त्याने स्वतः चालत जा. खांब किती, दिवे किती, चालू किती, मुलं किती. ‘सगळीकडे अंधार आहे’ यावर वाद घालता येतो. ‘अकरा खांब, दोन दिवे’ यावर येत नाही.

विषयपत्रिका पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. आपला विषय आधी लेखी द्या. ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत निम्मी माणसं घरी गेलेली असतात.

आता मांडणी. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे हातात तीनशे शब्द. पहिल्या मिनिटात अडचण, दुसऱ्यात आकडे, तिसऱ्यात मागणी. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेत बसलात तर पहिलं मिनिट तिथेच गेलं. ‘सरपंच आणि ग्रामस्थ, नमस्कार’ एवढं पुरे.

सराव उभं राहून, मोठ्याने करा. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी छोटं वाटतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. अख्खं भाषण पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढची गाडी अडते. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ असू द्या. मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहा. पातळ कागद हाताबरोबर थरथरतो आणि ते सगळ्यांना दिसतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. पहिल्यांदाच बोलणाऱ्या ताईंनी, वहिनींनी विषय तिथे मांडून पाहावा.

माईक तोंडापासून मूठभर अंतरावर धरा. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकू नका. कर्णा कुई करून ओरडला, तर त्याचा आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतोय असं समजा. माईकचं तोंड कर्ण्याकडे असेल तर फिरवा आणि दोन पावलं मागे या. सुरुवातीला एक श्वास पूर्ण सोडा, मागच्या रांगेतला एक ओळखीचा चेहरा शोधा आणि त्याच्याशी बोला.

मध्येच कुणीतरी म्हणेल, ‘आमच्या आळीचं काय?’ इथे आवाज चढला की विषय बुडाला. ‘काका, तुमचंही बरोबर आहे, ते पुढच्या विषयात घेऊ’ म्हणा आणि आपल्या आकड्यांवर या.

शेवटी मागणी वाचून दाखवा आणि थांबा. ‘आणखी एक सांगायचं राहिलं’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. ठरावाला सूचक, म्हणजे तो मांडणारा, आणि अनुमोदक, म्हणजे पाठिंबा देणारा लागतो. सूचक आपण आहात. अनुमोदक आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

टाळ्या पडोत न पडोत, घरी जायची घाई करू नका. इतिवृत्तातलं वाक्य आणि आपल्या खिशातल्या कागदावरचं वाक्य शेजारी धरून वाचा. ‘ओढ्याच्या पुलापासून वस्तीपर्यंत’ हे शब्द तिथे उतरले असतील, तर आपलं बोलणं जमलं.