गुण मुलाचे, नजर शिक्षकाची

वर्गातले एखादे मूल ‘आक्रमक’ आहे का, हे ठरवायला शाळा बहुधा शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. ‘भांडणे उकरून काढतो’, ‘वस्तूंची मोडतोड करतो’ अशा विधानांपुढे खूण करायची आणि बेरीज मांडायची. पण ही बेरीज मुलाइतकीच खूण करणाऱ्याबद्दलही बोलते. थायलंडमधल्या एका अभ्यासाने ते लख्ख दाखवून दिले.

जॉन वाइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांनुसार थाई मुले अमेरिकी मुलांपेक्षा जास्त त्रासदायक ठरत होती. नवल वाटावे असेच हे. थाई घरांत नम्रपणाचे, आवाज न चढवण्याचे वळण लहानपणापासून लावले जाते. मग प्रशिक्षित निरीक्षक दोन्ही देशांतल्या वर्गांत जाऊन बसले आणि चित्र पार उलटे निघाले. त्यांच्या नोंदींत अमेरिकी मुलांच्या तक्रारजोग्या वागण्याचे प्रमाण थाई मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते. थाई शिक्षकांची शिस्तीची अपेक्षाच बहुधा इतकी उंच, की जराशी चुळबुळही नजरेत भरावी.

म्हणून परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर पुरत नाही. गुणांची सीमारेषा इथल्याच मुलांवरून आखावी लागते. शिक्षक, पालक आणि वर्गमित्रांना वेगवेगळे विचारावे लागते, आणि कुणीतरी वर्गात बसून पाहावेही लागते. हे खर्चाचे आणि वेळखाऊ आहे खरे. पण ते टाळून एखाद्या मुलावर शेरा मारणे मला सरळ अन्याय वाटतो.

सगळेच समाजागणिक बदलते, असेही नाही. केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ९ देशांच्या १२ समाजगटांतल्या १,२९९ मुलांचा अभ्यास मांडला. मुलांना छोटे प्रसंग सांगितले जात: समज, कुणाचा तरी धक्का लागला आणि तू पडलास, त्याने मुद्दाम केले की चुकून? ‘मुद्दाम’ म्हणणारे मूल उलट वार करायला जास्त धजते, हे बाराही गटांत दिसले. ‘मुद्दाम’ म्हणण्याचे प्रमाण मात्र गटागणिक वेगळे होते.

असे प्रसंग आपल्या शाळांसाठी लिहायचे, तर नळावरची रांग हवी, बाकावर सरकण्यावरून झालेली ओढाताण हवी, पोषण आहाराच्या पंगतीत सांडलेली खिचडी हवी. कच्चा मसुदा आधी मुलांनाच वाचून दाखवावा आणि त्यांना काय समजले, ते त्यांच्याच शब्दांत ऐकावे. ‘मी मारामारी करतो’ याला हो म्हणणाऱ्या पोराने ‘कुणाशी?’ विचारल्यावर ‘धाकट्या भावाशी, उशा घेऊन’ असे सांगितले, तर ते विधान पुन्हा लिहावेच लागेल.