सात-चौदाच्या आधी : एका सर्व्हरच्या रिस्टार्टचा तपास

१० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी आपण काय करत होतो, हे आमच्याकडे आजही कोणालाही विचारा. कोणी धार काढत होते, कोणी चहाचे आधण ठेवले होते, कोणी पांघरुणातच होते. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज नवे नाहीत. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळीही तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता. शिवाय १९९३ची किल्लारी मराठवाड्याच्या अंगात अजून मुरलेली आहे. हादरा जाणवला की माणूस आधी बाहेर पळतो आणि मग विचार करतो.

त्याच सकाळी वसमत तालुक्यातल्या एका हळदीच्या गोदामातला सर्व्हर आपोआप बंद पडला आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप चालू झाला. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. असे कोठेही घडू शकते. सर्व्हर म्हणजे फार मोठे काही नव्हे. वजनकाट्याची नोंद, शेतकऱ्याचे नाव, कट्ट्यांची संख्या आणि पावती हे सगळे सांभाळणारा एक संगणक. तो पुन्हा चालू झाल्यावर तीन शेतकऱ्यांची वजने त्यात सापडेनात. पावत्या शेतकऱ्यांच्या हातात होत्या, नोंदी मात्र नव्हत्या. त्या हंगामात हळदीला भाव बरा होता, त्यामुळे प्रकरण साधे राहिले नाही.

दोन मते तयार झाली. हमाल आणि शेतकरी म्हणाले, ‘‘भूकंपानंच बंद पडलं ते, दुसरं काय!’’ व्यवस्थापनाचे मत वेगळे होते. काट्यावर कंत्राटी कामाला असलेली पंचविशीतली मुलगी हादऱ्याने घाबरून बाहेर पळाली, पळताना तिच्या पायाने वायर निघाली, आणि ते झाकण्यासाठी ती काही बोलत नाही, असे एकाचे म्हणणे. दुसरा त्याहून पुढे गेला : पावती छापून नोंद पुसली असेल तर? तिला कामावरून थांबवले गेले. तिचे वडील माझ्या ओळखीचे. ते मला म्हणाले, ‘‘भाऊ, तुम्ही ते मशीन एकदा बघा. पोरगी खोटं बोलत असंल तर तसं सांगा.’’

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि संगणक पुस्तकांवरून व बिघडवून शिकलो. त्यामुळे अधिकार नव्हता, वेळ होता. व्यवस्थापनाने एका अटीवर परवानगी दिली : जे सापडेल ते लेखी द्यायचे.

*

संगणक स्वतःची रोजनिशी लिहितो. विंडोज सर्व्हरमध्ये प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. कोणी रीतसर रिस्टार्ट केले तर १०७४ क्रमांकाची नोंद पडते आणि आज्ञा कोणाच्या नावाने आली तेही तिच्यात असते. काही न सांगता यंत्र मेले, तर मेल्या क्षणी ते काहीच लिहू शकत नाही. पुन्हा जागे झाल्यावर ते मागे वळून पाहते आणि ४१ व ६००८ या क्रमांकांच्या नोंदी लिहिते. त्यांचा अर्थ एवढाच की, ‘आधीचे बंद होणे अनपेक्षित होते.’

या सर्व्हरमध्ये १०७४ नव्हती, ४१ आणि ६००८ होत्या. ४१च्या तपशिलात आणखी दोन रकाने महत्त्वाचे असतात. आतला प्रोग्रॅम कोसळून निळा पडदा आला असेल, तर एका रकान्यात त्या बिघाडाचा क्रमांक येतो. कोणी बटण दाबून धरले असेल, तर दुसऱ्यात त्याची वेळ येऊ शकते. येथे दोन्हीकडे शून्य होते. शून्य म्हणजे पुरावा नाही असे आपण समजतो. पण मृत्युपत्र न लिहिता माणूस गेला तर तो अचानक गेला, एवढे तरी कळतेच. यंत्राने स्वतः निर्णय घेतला नव्हता. बहुधा त्याची वीज गेली होती. पण वीज जाणे आणि वायर निघणे यात यंत्राला फरक कळत नाही. म्हणजे ती मुलगी अजून सुटली नव्हती.

नोंदींच्या वेळा अशा होत्या : बंद पडण्याआधीची शेवटची खूण ७.१३, पुन्हा चालू ७.१६, काट्यावरून लॉगिन ७.१८. भूकंप ७.१४चा. दोन्ही मतांना यापेक्षा चांगला आधार कोणता हवा? मलाही क्षणभर पटले.

*

गाडी अडली ती एका फोटोमुळे. ज्या तिघांची नोंद हरवली होती, त्यांतल्या एका शेतकऱ्याने पावती हातात पडताच मोबाइलवर तिचा फोटो काढून मुलाला पाठवला होता. पावतीवर छापलेली वेळ होती ७.०६. फोटोची वेळ होती ६.५८. पावती छापण्याआधी आठ मिनिटे तिचा फोटो निघाला!

मोबाइलचे घड्याळ नेटवर्कवरून वेळ घेते. पावतीवरची वेळ सर्व्हरची. सुरक्षेसाठी हा सर्व्हर इंटरनेटपासून तोडलेला होता, त्यामुळे त्याचे घड्याळ कोणाशीच जुळवले जात नव्हते. संगणकातले घड्याळ क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर चालते. रोज सेकंद-दोन सेकंदांची चूक वर्षभरात सहज दहा मिनिटांवर जाते. मी माझ्या मोबाइलशी ताडून पाहिले तेव्हा सर्व्हर ९ मिनिटे पुढे होता. फोटोच्या हिशेबाने तो १० जुलैला निदान ८ मिनिटे तरी पुढे होताच.

आता वेळा पुन्हा लावा. सर्व्हरचे ७.१३ म्हणजे खरे सात-चार किंवा सात-पाच. ७.१६ म्हणजे फार तर सात-आठ. ७.१८चे लॉगिन म्हणजे फार तर सात-दहा. भूकंप झाला सात-चौदाला. याचा अर्थ धरणी हलली तेव्हा सर्व्हर बंद पडून, पुन्हा उठून, मुलगी त्याच्यासमोर कामाला बसलेलीही होती. ती पळाली हे खरे. पण ती पळण्याआधीच सगळे घडून गेले होते.

दोन घटना एकाच वेळी घडल्या की एक दुसरीचे कारण वाटते. त्यात ‘एकाच वेळी’ हे कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न आपण विचारत नाही. हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला लवकरच फार मोठ्या प्रमाणावर विचारावा लागणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा असतील. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. दोन्ही ठिकाणच्या नोंदींत सुमारे सात सहस्रांश सेकंदांचा फरक होता, आणि घड्याळे काटेकोर जुळलेली होती म्हणूनच त्या फरकाला अर्थ होता. त्यांतल्या हॅनफर्ड येथील वेधशाळेत पुढे एक विचित्र खुडबुड दिसू लागली. ध्वनिग्राहकाच्या नोंदी ताडल्यावर छडा लागला : तहानलेले डोमकावळे नळीवर साचलेल्या बर्फाला चोची मारत होते. विश्वाचा आवाज ऐकायचा तर आधी कावळ्याचा आवाज वेगळा काढावा लागतो. आमच्या गोदामात भूकंप वेगळा काढावा लागला, एवढेच.

*

भूकंप गेला, घाबरणे गेले. पण मुद्दाम वायर काढल्याचा संशय उरलाच. म्हणून मी मागच्या नोंदी चाळल्या. आधीच्या दोन महिन्यांत ६००८ची नोंद आणखी पाच वेळा होती. सगळ्या सकाळच्या, सातच्या आसपासच्या. तेव्हा हरवलेल्या नोंदी कोणाच्या ध्यानात आल्या नव्हत्या किंवा हरवल्याच नव्हत्या. हजेरीपट मागवला. त्या पाचांपैकी दोन दिवस ती मुलगी रजेवर होती.

मग सकाळी सातला गोदामात काय होते? शेजारच्या शेडमध्ये हळद पॉलिश करण्याचा ड्रम चालू होतो. विहिरीवरची मोटर सुरू करताना घरातला बल्ब क्षणभर मंदावतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशी मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि त्याच लाइनवरचा दाब खाली येतो. संगणकाचा वीजपुरवठा हा खड्डा सेकंदाच्या साठाव्या भागाइतकाच सोसू शकतो. त्यापुढचे सोसायला यूपीएस असते.

पण ड्रम तर रोज चालू होई, सर्व्हर रोज पडत नसे. ड्रमवरच्या गड्याला विचारले. त्याची मजुरी कट्ट्यांवर असल्याने त्याच्या वहीत रोजचा हिशेब होता. तो म्हणाला, ‘‘आदल्या रात्री माल भरून ठेवला असला की सकाळी ड्रम उचलायला जड जातो, काका. मोटर कण्हते जराशी.’’ त्याच्या वहीतले रात्री भरलेले दिवस आणि माझ्याकडचे दिवस आम्ही शेजारी बसून ताडले. सहाही जुळले, त्यांत १० जुलैही होता.

शेवटची परीक्षा सोपी होती. सर्व्हर रीतसर बंद केला, यूपीएसवर त्याच्या जागी दोन साधे बल्ब लावले आणि भरलेला ड्रम सुरू करायला सांगितले. मोटर कण्हली, बल्ब विझले आणि थोड्या वेळाने पुन्हा लागले. मग भिंतीतली पिन काढली. यूपीएसवर बल्ब जळत राहायला हवे होते. ते लगेच विझले. पिन जोडलेली असेपर्यंत मात्र यूपीएसवरचा हिरवा दिवा ‘सर्व ठीक’ म्हणत होता. आतल्या बॅटऱ्या मेलेल्या होत्या. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य दर आठ-दहा अंश उष्णतेला जवळपास निम्मे होते, आणि ही पेटी पत्र्याखाली दोन मराठवाडी उन्हाळे काढून बसली होती. दाब घसरला की ती बॅटरीकडे वळे, बॅटरी माघार घेई आणि सर्व्हर पडे. वीज येताच आपोआप चालू व्हायचे, असे त्याच्यात आधीच ठरवून दिलेले असल्यामुळे तो पुन्हा उठे. म्हणून सगळ्यांना ते ‘भुताटकीने रिस्टार्ट’ वाटले.

राहिल्या पुसलेल्या नोंदी. त्या कोणी पुसल्याच नव्हत्या. काम वेगाने व्हावे म्हणून ते सॉफ्टवेअर पावती लगेच छापत असे, पण नोंदी स्मृतीत साठवून दर दहा मिनिटांनी एकगठ्ठा डिस्कवर लिहीत असे. स्मृतीतले विजेबरोबर जाते. तीनही पावत्या शेवटच्या गठ्ठ्यानंतरच्या होत्या. कागद टिकला, संगणक विसरला.

*

अशा तपासाचे जगप्रसिद्ध उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. हवामानाच्या नोंदी घेऊ लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा संगणक स्वतःहून रिस्टार्ट होऊ लागला आणि प्रत्येक वेळी त्या दिवसाचे उरलेले काम बुडू लागले. कारण समजायला गोदामाचाच दाखला घेऊ. किल्ली हमालाकडे आहे. मोठे साहेब किल्लीसाठी थांबले आहेत. पण मधले कारकून हमालाला सारखे बाजूला सारून आपली कामे उरकत आहेत. हमाल मोकळा होत नाही, म्हणून साहेबही अडकून पडतात. यानात हवामानाचे काम म्हणजे हमाल आणि माहितीची ने-आण सांभाळणारे काम म्हणजे साहेब. साहेबांचे काम वेळेत झाले नाही हे पाहून पहारेकरी घड्याळ सगळे यंत्रच नव्याने सुरू करत होते. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणला आणि उपाय मंगळावर पाठवला : किल्ली हातात असेपर्यंत हमालाला साहेबांचा मान द्यायचा.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा भाग वेगळा आहे. उड्डाणाआधी चाचण्यांतही असे रिस्टार्ट झाले होते. पुन्हा घडवता आले नाहीत, म्हणून ते मागे पडले. आमच्याकडेही पाच वेळा झाले होते. आपोआप बरे होणाऱ्या दुखण्याकडे कोणी पाहत नाही. यंत्र उठून कामाला लागले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. नुकसान झाले की मगच कारण शोधतो, आणि ते जवळच्या, कमी पगाराच्या माणसापाशी लगेच सापडते.

मी चार पाने लिहून दिली. बॅटऱ्या बदलल्या, सर्व्हरची लाइन ड्रमपासून वेगळी केली, नोंद लगेच डिस्कवर लिहिण्याची सोय करून घेतली. पावत्यांवरून तिघांची वजने भरली गेली. मुलीला परत बोलावले. घरी बसवलेल्या दिवसांचा पगार मात्र तिला मिळाला नाही. त्याबद्दल माझ्या चार पानांत एक ओळ होती, तिच्यावर कोणी बोलले नाही.

आता सर्व्हरशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. दर सोमवारी ती मुलगी सर्व्हरचे घड्याळ मोबाइलशी ताडते, फरक लिहिते आणि दुरुस्त करते. महिन्यातून एकदा यूपीएसची पिन काढून बल्ब जळतो का ते पाहते. परवा गेलो तेव्हा ती वही दाखवत म्हणाली, ‘‘काका, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर माझ्याकडं लिहिलेलं आहे.’’