घरातील इंटरनेट बंद पडते तेव्हा

नळाला पाणी आले नाही म्हणजे गृहिणी प्रथम शेजारणीस विचारते, "तुमच्याकडे आले का हो?" तिच्याकडेही आले नसेल तर दोष आपल्या तोटीचा नव्हे, एवढे तिला त्या एका प्रश्नात कळून चुकते. बेळगावास पाणी पुरविणारा राकसकोप जलाशय काठोकाठ भरलेला असूनही एखाद्या गल्लीत घागर कोरडी राहू शकते, हे तिला ठाऊक असते. जलाशय, मोठी वाहिनी, गल्लीतील वाहिनी आणि घरातील तोटी ह्यांपैकी कोठे अडले, हे शोधण्याची रीत तिला कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हीच गृहिणी घरातील इंटरनेट बंद पडले म्हणजे हताश होऊन मुलाला हाक मारते. आणि मुलगा दुबईस किंवा पुण्यास असेल तर, त्याच्याशी बोलण्याचे साधनच बंद पडलेले असल्यामुळे, शेजारी जाऊन बसते. वास्तविक दोन्हीकडे शोधाची रीत एकच आहे.

आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही मोजक्या मोठ्या शहरांत. खेड्यांकडे ते येण्यास पुष्कळ वर्षे लागली. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तीच पुढे 'भारतनेट' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. निपाणी, चिकोडी, खानापूर ह्या भागांतील घराघरांत हा तंतू नेण्याचे काम मात्र भारत संचार निगमाइतकेच गावोगावच्या केबलवाल्यांनी केले आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा भ्रमणध्वनीवर भरू लागल्या, तेव्हा पुष्कळ घरांत ही जोडणी प्रथमच आली. घाईने आलेल्या वस्तूची माहिती मागाहून मिळवावी लागते, तसे ह्याही बाबतीत झाले आहे.

वाचकहो, आता शोधाची रीत पाहू. संगणकावर पान उघडत नाही, तर त्याच घरातील दुसऱ्या फोनवर, त्याच वायफायवर, ते उघडते का ते पाहावे. तेथे उघडत असेल तर दोष संगणकात आहे. तारेला व राउटरला बोल लावण्याचे कारण नाही. दोहोंवर उघडत नसेल तर फोनवरील वायफायचे चिन्ह पाहावे. वायफाय जोडलेले आहे, परंतु इंटरनेट नाही, असे फोन सांगत असेल, तर घरातील हवेतला दुवा शाबूत असून दोष बहुधा राउटरच्या पलीकडे, बाहेरून येणाऱ्या तारेकडे आहे. वायफायचे नावच दिसत नसेल तर राउटरला वीज मिळते की नाही ते पाहावे. हे ऐकून हसू येईल, पण दुरुस्तीस येणाऱ्या मुलांना विचारा: केर काढताना निघालेला प्लग पुन्हा खोचून परत जाण्याचे प्रसंग त्यांच्या वाट्याला नित्य येतात. शेवटी, एकच पान उघडत नसून बाकीची उघडत असतील, तर आपल्या घरी काहीही बिघडलेले नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असे हटकून होते, कारण लाखो मुले एकाच दारावर गर्दी करीत असतात.

काचतंतूची जोडणी असेल तर भिंतीवरील डब्यावर दिव्यांची एक ओळ असते. ती वाचता येणे हे अर्धे काम होय. 'पॉन' ह्या अक्षरांजवळील हिरवा दिवा स्थिर असेल तर केंद्राकडून येणारा प्रकाश घरात पोहोचत आहे. 'लॉस' ह्या अक्षरांजवळ तांबडा दिवा मिचकू लागला तर तो प्रकाश पोहोचत नाही. ह्या तंतूतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. तोही डोळ्यांस न दिसणारा. तंतूची काच आवरण वगळता १२५ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचा आठवा भाग एवढी जाड असते, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो तर सुमारे ९ मायक्रॉनचाच. कपाट मागे सरकविताना ही तार काटकोनात दुमडली गेली, किंवा कोणी ती खिळ्याला घट्ट गुंडाळून ठेवली, तर आतील प्रकाश वाकणावर बाहेर सांडतो आणि जोडणी क्षीण होते किंवा तुटते. तारेला हाताच्या पंजाएवढे मोकळे वेटोळे द्यावे. तिचे टोक उपसून त्यात डोकावून मात्र कधीही पाहू नये. न दिसणारा प्रकाशही डोळ्यास अपाय करू शकतो.

घराबाहेरचे शत्रू निराळे. आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, आणि खांबाखांबांवरून खाली लोंबलेली तार एखाद्या उंच मोळीत अडकून तुटते. रस्ता खोदणारे यंत्र जमिनीखालची वाहिनी तोडते. घुशी व उंदीर आवरण कुरतडतात. तुटलेला तंतू पुन्हा सांधावयाचा तर दोन टोके यंत्रात समोरासमोर धरून ठिणगीच्या उष्णतेने वितळवून जोडावी लागतात. ते चिकटपट्टीचे काम नव्हे. म्हणून 'लॉस'चा दिवा तांबडा दिसला की घरात खटपट करीत बसू नये, सरळ तक्रार नोंदवावी.

बंद करून पुन्हा चालू करण्याच्या उपायाची काही लोक थट्टा करतात. ती अनाठायी आहे. राउटर हाही एक लहानसा संगणकच असून तो महिनोन्‌महिने अखंड जागा असतो. त्याच्या स्मृतीत साचलेला गोंधळ वीज तोडल्याने पुसला जातो आणि केंद्राशी त्याची नव्याने ओळख होते. मात्र प्लग काढल्यावर अर्धा मिनिट थांबावे आणि लावल्यावर दोन-चार मिनिटे धीर धरावा. येथेच एक मोठा घोटाळा होतो. राउटरच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते व त्याजवळ 'रीसेट' असे लिहिलेले असते. बंद-चालू करणे आणि ह्या छिद्रात टाचणी खुपसणे ह्यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. टाचणीने राउटर कारखान्यातून निघाला त्या अवस्थेला जातो. ग्राहकाचे नाव, परवलीचा शब्द, वायफायची मांडणी सारे पुसले जाते. मग दहा मिनिटांच्या कामासाठी माणसास निपाणीहून गावी यावे लागते. मुलांना हे छिद्र दाखवून, हात लावू नका म्हणून बजावून ठेवावे.

"माडीवर चालते, स्वयंपाकघरात चालत नाही," ही तक्रार आपल्या भागात फार ऐकू येते, आणि तिचे कारण आपल्या घरांतच आहे. बेळगाव-खानापूरकडील जांभ्या दगडाच्या किंवा निपाणीकडील काळ्या दगडाच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण वायफायच्या लहरीही गिळतात. आजकालचे राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर लहरी सोडतात. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी मंद, पण भिंतीपार जाणारी. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीशी लवकर हरणारी. दूरच्या खोलीत पहिलीच धरावी. लोखंडी कपाटामागे, दूरदर्शन संचाच्या पाठीशी किंवा धान्याच्या पत्र्याच्या कणगीवर राउटर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळा ठेवावा. शोभेसाठी त्यावर विणलेला रुमाल घालण्याची आमच्या भगिनींना हौस असते. लहरींना त्याची फारशी अडचण नसली, तरी यंत्र आत तापत राहते.

एका विलक्षण दोषाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तो जाणत्यांनाही चकवितो. जुन्या संगणकाला सर्व काही जोडलेले असते, फोनवर इंटरनेट उत्तम चालते, परंतु संगणकावर प्रत्येक पान 'जोडणी सुरक्षित नाही' असे म्हणून अडते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीची निघाल्यास चोर सापडला! संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यासारखी, २०३२ क्रमांकाची एक बारीक बॅटरी असते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की वीज गेल्यावर घड्याळ जुन्या काळात जाते. प्रत्येक संकेतस्थळाच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. ती मुदत अजून सुरूच झालेली नाही असे संगणकास वाटते व तो दार उघडीत नाही. बॅटरी थोड्या रुपयांत मिळते. ह्या एका कारणासाठी नवा संगणक घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या माणसास विचारावे.

एप्रिल-मेमध्ये वळीव कडाडू लागला की राउटरचा व संगणकाचा प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरत नाही. काच वीज वाहत नाही हे खरे, परंतु अ‍ॅडॅप्टर विजेच्या तारेला जोडलेला असतो, आणि काही तंतूंबरोबर आधाराची पोलादी तारही असते. जुन्या तांब्याच्या दूरध्वनी-तारेवर ज्यांची जोडणी आहे त्यांनी तीही उपसून ठेवावी. ह्या तांब्याच्या तारेचे पावसाळ्यात आणखी एक दुखणे असते: सांध्यात पाणी शिरून हिरवा गंज चढतो, फोनमध्ये खरखर होते आणि इंटरनेट येते-जाते. अशी खरखर ऐकू आली तर राउटर बदलण्यापूर्वी सांधा तपासण्यास सांगावे.

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे काही अडचणी खास आपल्याच आहेत. दूरसंचाराच्या हिशेबी कर्नाटक हे एक मंडळ, तर महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे फोन कधी ह्या मंडळाचा मनोरा धरतो, कधी त्या मंडळाचा. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, पण लहरींनी आपला निकाल केव्हाच लावून टाकला आहे! देशांतर्गत रोमिंगचे शुल्क २०१७ च्या सुमारास बहुतांशी संपल्यामुळे त्याचा आर्थिक फटका आता बसत नाही. भाषेचा प्रश्न मात्र उरतो. मदतीच्या क्रमांकावर कन्नड किंवा इंग्रजी आवाज येतो आणि मराठी शाळेत शिकलेली म्हातारी माणसे गोंधळून फोन ठेवून देतात. तसे करू नये. हिंदी निवडता येत असेल तर ती निवडावी, किंवा कन्नड जाणणाऱ्या शेजाऱ्यास बोलावे म्हणावे. आपल्याकडे असा शेजारी प्रत्येक गल्लीत असतो. फोनच्या मांडणीत भाषा मराठी करून घेतल्यास निदान पडद्यावरील सूचना तरी वाचता येतात.

आणि बोलताना नेमके सांगावे. "नेट गेलंय" एवढ्याने समोरच्याला काहीच कळत नाही.

"काकू, डब्यावर तांबडा दिवा आहे का?"

"आहे की. मिचमिच करतोय."

"कधीपासून?"

"सकाळी उसाची ट्रॉली गेली, तेव्हापासून."

अशा काकूंच्या घरी माणूस शिडी आणि सांधण्याचे यंत्र घेऊनच निघतो. त्याची एक फेरी वाचते आणि काकूंचा एक दिवस.

आता ज्याने घरे बुडाली आहेत ते सांगतो. जोडणी बंद पडली की लोक फोनवर कंपनीचा मदत-क्रमांक शोधतात, आणि शोधात प्रथम दिसणारा क्रमांक पुष्कळदा भामट्यांनी पेरलेला असतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, "साहेब, मी इथूनच दुरुस्त करतो," असे म्हणून एक अ‍ॅप उतरवून घ्यावयास लावतो व पडद्यावरचे अंक विचारतो. ते सांगताच आपला पडदा त्याच्या समोर उघडा पडतो. मग नोंदणीसाठी दहा रुपये भरावयास सांगतो, आणि आपण टाइप केलेले सर्व काही तो वाचीत असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच 'एनीडेस्क' ह्या अ‍ॅपचे नाव घेऊन बँकांना ह्या प्रकाराबद्दल सावध केले होते. अ‍ॅप स्वतः वाईट नाही. कुवेतमधील मुलगा त्याच्या साह्याने आईचा संगणक नीट करून देऊ शकतो. परंतु ज्याचा आवाज आपण ओळखत नाही त्याला ते अंक देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे होय. हेही ध्यानी असावे की यूपीआयचा गुप्त अंक पैसे देण्यासाठीच लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. घात झालाच तर लाज बाळगून घरात बसू नये. त्याच घटकेस १९३० ह्या क्रमांकावर कळवावे व बँकेसही कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळविले जाण्यापूर्वी सूचना पोहोचली तर ते गोठविता येतात. येथे एकेका तासाला मोल आहे.

खरा मदत-क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो, आपला ग्राहक-क्रमांक आणि वायफायचा परवलीचा शब्द एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस लावावा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि लहान एल ह्यांतील भेद स्पष्ट दिसेल असे लिहावे. अर्धी भांडणे तेथेच होतात. तक्रार केली की डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. २०१२ च्या नियमांप्रमाणे तो देणे कंपनीस बंधनकारक आहे. दाद न लागल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत जाता येते, आणि तेथे हा क्रमांक लागतो. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे; दूरसंचाराच्या तक्रारी तेथे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिलेला आहे. तक्रारीची तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच पुठ्ठ्याच्या मागील बाजूस लिहीत जावे.