देणगी तत्त्वज्ञानाला, प्रवेश मात्र वाणिज्याला

बारावीचा निकाल लागला की निगडी, आकुर्डी, चिंचवड आणि चाकण परिसरातील व्यापारी घरांमध्ये एक ठरावीक चर्चा सुरू होते. सी. ए. करायचे की बी. बी. ए., अभियांत्रिकी घ्यायची की संगणकशास्त्र, पुण्यात राहायचे की बाहेरगावी जायचे, एवढेच पर्याय मांडले जातात. अशा वेळी घरातील एखाद्या मुलाने ‘मला इंग्रजी साहित्य घ्यायचे आहे’ किंवा ‘मला तत्त्वज्ञान शिकायचे आहे’ असे म्हटले, तर क्षणभर सारेच स्तब्ध होतात. आजोबा विचारतात, ‘त्याचे पुढे काय?’ वडील विचारतात, ‘पेढीवर कोण बसणार?’ मुलगी असेल तर विरोध थोडा मवाळ होतो. ‘लग्न ठरेपर्यंत शिकू दे’ असे म्हटले जाते. तिला परवानगी मिळते, पण तिच्या विषयाला प्रतिष्ठा मिळत नाही.

आजोबांचा आणि वडिलांचा प्रश्न अनाठायी नाही. धान्याच्या दुकानापासून सुरुवात करून पोलादाचा व्यापार, सुटे भाग, पॅकिंग आणि वाहतूक यांपर्यंत पोहोचलेल्या घरांनी प्रत्येक पाऊल हिशेब करूनच टाकले आहे. मात्र हा हिशेब मांडताना एक जुनी नोंद बहुधा नजरेतून सुटते. ज्या विषयांना आपण आज निरुपयोगी म्हणतो, त्यांच्यासाठी जैन व्यापाऱ्यांनी गेली दीडशे वर्षे मोकळ्या हाताने पैसा दिला आहे.

एका देणगीचा प्रवास

कापसाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळवणारे मुंबईचे शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वांना परिचित आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यासाठी त्यांनी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणाऱ्या त्या वृद्ध मातेला घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी, असा हेतू त्यामागे होता, असे सांगतात. ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली जाते.

याच प्रेमचंदांची कोलकाता विद्यापीठाला दिलेली देणगी मात्र आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. त्या देणगीतून विद्यापीठाची अत्यंत मानाची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणाऱ्यांमध्ये पुढे कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी होते, तसेच कृष्णचंद्र भट्टाचार्य हे तत्त्वज्ञही होते. विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वचिंतकांमध्ये भट्टाचार्यांचे स्थान अग्रभागी मानले जाते. त्यांच्या लेखनात जैनांच्या अनेकांत सिद्धांतावरील एक सखोल निबंध आहे. १९३० च्या दशकात त्यांनी काही काळ खानदेशातील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालकपद सांभाळले. ही संस्थाही एका व्यापाऱ्याने, गिरणीमालक प्रताप शेठ यांनी, १९१६ मध्ये उभारली होती. साने गुरुजींनीही शाळेत शिक्षक होण्यापूर्वी तेथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता.

मुंबईच्या एका जैन शेठजींनी दिलेला पैसा बंगालमधील एका विद्यार्थ्याच्या अभ्यासाला लागला, आणि त्याच विद्यार्थ्याने पुढे जैनदर्शनाचा गाभा आधुनिक तत्त्वज्ञानाच्या भाषेत जगापुढे मांडला. या देणगीचा परतावा रुपयांत मोजता येत नाही, पण तो मिळाला नाही असे कोण म्हणेल?

दान आपले, विद्यार्थी दुसऱ्यांचे

ही परंपरा आपल्या परिसरातही अखंड राहिली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ मासिकाचे प्रवर्तक आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. त्यांच्या नावाचे जैन अध्यासन पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात आहे. आकुर्डीच्या औद्योगिक इतिहासात ज्यांचे नाव ठळकपणे घेतले जाते ते नवलमल फिरोदिया स्वातंत्र्यसैनिक होते आणि बजाज टेम्पोचे, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचे, संस्थापक होते. वाहने बनवणाऱ्या या गृहस्थांनी पुण्यात सन्मति-तीर्थ ही संस्था उभी केली आणि प्राकृत भाषांच्या बृहत्कोशाच्या कामाला चालना दिली. प्रख्यात प्राकृतज्ञ डॉ. अ. मा. घाटगे यांनी संपादनाची धुरा घेतलेला हा कोशप्रकल्प पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत चालू राहिला.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. त्यांपैकी शास्त्रदानात समाज कधीच मागे राहिला नाही. परंतु अध्यासनाला निधी देणाऱ्या घरातील मुलाने त्याच विभागात प्रवेश घेण्याची इच्छा व्यक्त केली, तर त्याला समजावण्यासाठी चार नातेवाईक गोळा होतात. चातुर्मासात प्रवचनाला गर्दी होते, नयवाद आणि स्याद्वाद यांवर माना डोलतात. मात्र तेच विषय घरच्या मुलाने पद्धतशीरपणे शिकायचे म्हटले की ते पोट भरण्याच्या कामाचे नाहीत असे ठरते. दान देताना जो विषय पूज्य वाटला, तो प्रवेश घेताना कनिष्ठ ठरावा, या विसंगतीचा समाजाने शांतपणे विचार करायला हवा.

समाजालाही अशी माणसे लागतात

अशा शिक्षणाचा व्यवहारातील उपयोग पाहायचा असेल तर वीरचंद राघवजी गांधी यांच्या चरित्राकडे पाहावे. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झालेला हा तरुण पुढे जैन असोसिएशन ऑफ इंडियाचा मंत्री झाला. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराचा वाद पालिताणा संस्थानाशी विकोपाला गेला होता. तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांपुढे बाजू मांडून वर्षाला १५,००० रुपये ठोक रक्कम देण्याची तडजोड घडवून आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सम्मेद शिखराजवळ डुकराच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा त्या प्रकरणाची कागदपत्रे वाचता यावीत म्हणून ते कोलकात्यात राहून बंगाली शिकले. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी जैन धर्माचे प्रतिनिधित्व केले.

कागद बारकाईने वाचणे, समोरच्याचा युक्तिवाद समजून घेणे आणि आपली बाजू नेमक्या शब्दांत मांडणे, हेच त्यांचे भांडवल होते. समाजाकडे तेव्हाही धनिक पुष्कळ होते. तीर्थरक्षणाच्या कामी मात्र असा वाचणारा, विचार करणारा आणि बोलणारा माणूस उपयोगी पडला.

दोन विषय, दोन वाटा

इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचा उल्लेख पुष्कळदा एका दमात होतो, पण त्यांची प्रकृती भिन्न आहे. इंग्रजी साहित्याची पदवी म्हणजे अस्खलित इंग्रजी बोलण्याचा वर्ग नव्हे. त्यात शेक्सपिअरची नाटके, कविता, कादंबरी, भारतीयांनी इंग्रजीत केलेले लेखन, समीक्षा आणि भाषाविज्ञान यांचा अभ्यास असतो. शब्द कोणत्या हेतूने वापरला आहे आणि ओळींमागे काय दडले आहे, हे ओळखण्याची सवय त्यातून लागते. या अभ्यासामुळे मराठीपासून तुटण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे मराठीचे ज्ञानपीठविजेते साहित्यिक इंग्रजीचे प्राध्यापक होते. विंदांनी तर ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ मराठीत आणला.

तत्त्वज्ञानात तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शने आणि प्लेटोपासून कांटपर्यंतचे पाश्चात्त्य विचारवंत येतात. एखादे विधान कोणत्या गृहीतकावर उभे आहे आणि ते गृहीतक काढून घेतले तर काय उरते, हे तपासण्याची शिस्त या विषयात आहे. जैन घरातील मुलाला येथे एक विशेष लाभ असतो. वस्तूला अनेक बाजू असतात आणि आपले कथन त्यांपैकी एका दृष्टीचे असते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. वर्गात त्याला या संस्काराची तर्कशुद्ध मांडणी आढळते आणि त्यावर घेतलेल्या आक्षेपांनाही सामोरे जावे लागते. श्रद्धा डळमळेल म्हणून पालकांनी घाबरू नये. ज्या आचार्यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचून त्यांना उत्तरे लिहिली, त्यांची ही परंपरा आहे.

जमा आणि खर्च

आता हिशेबाची बाजू. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेचे शुल्क खासगी व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या तुलनेने फारच कमी असते. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय किंवा आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय यांमुळे कला शाखेचे शिक्षण परिसरातच उपलब्ध आहे. हवा तो विषय विशेष विषय म्हणून तेथे मिळतो की नाही, याची चौकशी प्रवेशापूर्वी करावी. पुण्यातील जुन्या महाविद्यालयांत जायचे झाले तर मेट्रोमुळे पिंपरी ते शिवाजीनगर हा प्रवास आता सुकर झाला आहे. शुल्क अधिक असलेल्या खासगी विद्यापीठाचा विचार असेल तर शैक्षणिक कर्जाचा पर्याय आहे. साधारणतः साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला बँका तारण मागत नाहीत. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष परतफेडीला सवलत असते. जुन्या करप्रणालीत या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते. मात्र पहिल्या नोकरीच्या वेतनातून हप्ता निघेल का, हे आधी मांडून पाहावे; कला शाखेच्या पदवीसाठी मोठे कर्ज काढणे बहुधा शहाणपणाचे ठरत नाही.

उत्पन्नाची बाजू प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. प्राध्यापकाच्या कायम जागा मोजक्या आहेत आणि अनेक उच्चशिक्षित वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करतात. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण मिळवून नेट परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या वाटेची पहिली पायरी आहे. त्यात कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या सुधारित दराने महिना ३७,००० रुपये मिळतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान आणि इंग्रजी साहित्य हे दोन्ही ऐच्छिक विषय आहेत. त्यांना ५०० गुण असतात आणि नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सर्वांनाच अनिवार्य आहे. पदवीनंतरचा तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, व्यवस्थापनाची कॅट परीक्षा आणि बँकांमधील अधिकारीपदाच्या परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुल्या असतात. बारावीनंतर कला शाखा घेतली म्हणजे पुढची दारे बंद झाली, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. या विषयांचे फळ उशिरा मिळते आणि त्यासाठी दुसरे एखादे कौशल्य जोडावे लागते, हे मात्र खरे आहे.

पेढी सांभाळूनही

‘पेढीवर कोण बसणार?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. चाकणमध्ये बजाज, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन आणि महिंद्र यांचे कारखाने आहेत. त्यांच्या पुरवठा साखळीत काम करणाऱ्या लहान उद्योजकाला गुणवत्तेच्या अटी, दंडाची कलमे आणि नुकसानभरपाईची हमी असलेले इंग्रजी करार वाचावे लागतात. साहित्याची पदवी करारकायदा शिकवत नाही आणि तत्त्वज्ञानाची पदवी वस्तू व सेवा कर शिकवत नाही. या गोष्टी पेढीवर शिकता येतात. पानभर मजकूर सावकाश वाचून त्यातला संदिग्ध शब्द पकडण्याची सवय मात्र पेढीवरच्या घाईगर्दीत लागत नाही.

ज्या घरात खरोखरच दुसरा माणूस नाही, तेथे मधला मार्ग निघू शकतो. मुलाने वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी आणि नंतर दूरशिक्षणाने आवडत्या विषयात एम. ए. करावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांच्या एम. ए. साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. तसेच नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. साहित्याबरोबर अर्थशास्त्र घेतले तर घरच्यांची चिंता निम्मी होते.

निर्णयापूर्वीची कसोटी

आवड खरी आहे की गणिताला कंटाळून शोधलेली पळवाट आहे, हे ओळखणे पालकांना अवघड नाही. निकाल आणि प्रवेश यांमधील आठवड्यांत साहित्य मागणाऱ्याने शेक्सपिअरचे एक नाटक, सारांशाचा आधार न घेता, संपूर्ण वाचावे. तत्त्वज्ञान मागणाऱ्याने प्लेटोचा एक संवाद वाचून त्यातील युक्तिवाद घरच्यांना मराठीत समजावून सांगावा. त्यानंतर दोघांनी आपल्या निवडलेल्या अभ्यासक्रमाचा आराखडा, लागणारा खर्च आणि पाच वर्षांनंतरच्या दोन संभाव्य वाटा एका कागदावर लिहून वडिलांपुढे ठेवाव्यात. नवे यंत्र घेताना पुरवठादाराकडून जेवढी माहिती मागवली जाते, तेवढी मुलाकडून मागणे योग्यच आहे. जे मूल एवढे कष्ट आनंदाने घेते, त्याची आवड भक्कम आहे. जे टाळाटाळ करते, त्याच्याबाबत आणखी वर्षभर थांबावे.

हीच कसोटी मुलीलाही लावावी आणि ती उतरली तर तिच्या अभ्यासाला लग्नापर्यंतची मुदत घालू नये.

प्रेमचंद रायचंदांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एका बंगाली तत्त्वज्ञाने आपल्या अनेकांताला जगाच्या चर्चेत नेले, याचा समाजाला सार्थ अभिमान आहे. परंतु पुढच्या पिढीत ते काम करणारे मूल चिंचवडच्या एखाद्या पेढीवरूनही येऊ शकते. त्यासाठी नवा निधी उभारण्याची गरज नाही. प्रवेशाच्या अर्जावर वडिलांनी मनापासून केलेली एक सही पुरेशी आहे.