स्मृतिभ्रंश आणि चिकित्सेचा तिसरा पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. भिषक् आणि द्रव्य यांविषयी आपल्या परिसंवादांतून विपुल चर्चा होते. रोगी तर समोरच असतो. उपस्थाता मात्र जुन्या तपासण्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसतो, आणि आपण त्याला रोग्याचा इतिहास तेवढा विचारतो. वार्धक्यातील स्मृतिभ्रंशात हा उपस्थाता बहुधा पती किंवा पत्नी असते. तीही सत्तरीची, स्वतःचा मधुमेह वा रक्तदाब सांभाळणारी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे.

परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. पन्नास वर्षांच्या संसारानंतर अनुरागाची उणीव सहसा नसते. उपचारज्ञता मात्र प्रेमातून आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते, आणि ते काम आपले आहे असे आमचे मत आहे.

आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीला घेऊन येतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले, त्यास तीन वर्षे झाली. बाई रोज दिवेलागणीला साडीचोळीचे गाठोडे बांधून दाराशी उभ्या राहत. ‘मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.’ सर सत्यवचनी; ते समजावीत, ‘अगं, हेच आपलं घर. आई जाऊन तीस वर्षं झाली.’ बाईंना ती वार्ता दररोज नवीच असे, आणि दररोज त्या तितक्याच आकांताने रडत. अधूनमधून त्या सरांना ‘दादा’ म्हणून हाक मारीत. ते सांगताना सर खिडकीबाहेर पाहत.

आम्ही सुचविले ते अगदी साधे होते. दुरुस्ती करू नये. ‘चल, चहा घेऊन निघू’ म्हणावे, आईच्या हातच्या कोणत्या पदार्थाची आठवण येते ते विचारावे, अंगणात दोन फेऱ्या माराव्यात. अंधार पडण्यापूर्वीच घरातले सर्व दिवे लावावेत. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. सकाळी कोमट तेलाचा अभ्यंग आणि उन्हात बसणे ठरल्या वेळी व्हावे. महिन्याभरात रडणे पुष्कळ कमी झाले. गाठोडे अजून बांधले जाते.

मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने आम्हीही योजतो. परंतु गेलेली स्मृती परत येईल असे आश्वासन कोणीही देऊ नये. त्या आशेवर घरे औषधांत पैसा ओततात आणि मदतनीस ठेवण्यास काही उरत नाही. निदानापूर्वी बी-१२, थायरॉइड, श्रवणशक्ती, मनाचा विषाद आणि डोक्याला झालेला आघात यांची शहानिशा व्हावी. चार दिवसांत अचानक भ्रम वाढला, तर तो मूळ रोग वाढल्याचे गृहीत न धरता मूत्रमार्गाचा संसर्ग, मलावष्टंभ आणि नव्याने सुरू झालेले औषध यांचा शोध घ्यावा.

या शेवटच्या मुद्द्यावर औषधविक्रेत्या बंधूंशी थोडे सविस्तर बोलणे अगत्याचे वाटते. रात्र रात्र जागलेला पती दुकानी येऊन ‘झोपेचं काहीतरी आयुर्वेदिक द्या’ म्हणतो. सर्पगंधाघन वटीत सर्पगंधेबरोबर खुरासनी ओवा असतो. कफकासासाठी सहज दिल्या जाणाऱ्या कनकासवात धत्तूर असतो. खुरासनी ओवा आणि धत्तूर यांतील अल्कलॉइड ॲसिटिलकोलीनचे कार्य अडवितात. डोनेपेझिल नेमके त्याच ॲसिटिलकोलीनला आधार देण्यासाठी सुरू केलेले असते. परिणामी भ्रम वाढतो, मूत्रावरोध होतो आणि रुग्ण रात्री पडतो. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, मनही खचते. क्लोरफेनिरामिन असलेली सर्दीची सिरपेही याच पंक्तीत बसतात. ‘वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक’ हे वाक्य निदान या रुग्णांपुरते तरी काउंटरवरून हद्दपार व्हावे. डोनेपेझिल चालू असताना नाडी मंदावणे, अन्नद्वेष, अतिसार यांकडे वैद्यांनीही लक्ष ठेवावे.

सरांच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट हेरली ती औषधविक्रेत्याने. बाईंच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला जात होत्या. सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन महिने गेल्याच नव्हत्या. त्याने विचारले, ‘सर, तुमच्या?’ उत्तर आले, ‘राहू दे, तिच्या दे.’ त्याने संध्याकाळी आम्हांस फोन केला. दुसऱ्या दिवशी रक्तदाब १८०/१०४ भरला. पत्नीला एकटे सोडून रांगेत उभे राहता येत नाही, म्हणून तपासणीही सहा महिने राहून गेली होती.

आम्ही त्यांच्या नावाचा स्वतंत्र केसपेपर काढला, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू करविल्या आणि धाकट्या भावजयीला बोलावून घेतले. आता मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दोन तास त्या बाईंजवळ बसतात. बाईंच्या पोलक्याला आतून नाव व दूरध्वनी क्रमांकाची पट्टी शिवली आहे, दाराची कडी वर बसविली आहे. सर स्वयंपाकघरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करतात. त्या दोन तासांत सर काय करतात, हे आम्ही एकदा विचारले. वाचनालयात जातात. पहिले दोन आठवडे वर्तमानपत्र समोर धरून चक्क झोपले, असे म्हणाले.