उडालेल्या अक्षरांची साख

पेढीवरील पाटीचे मोल व्यापारी कुटुंबाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. रंग विटला, कोपरे गंजले, तरी त्या नावामागे कोणीतरी दिलेला शब्द उभा असतो. जुन्या यंत्रांवरील नावांचेही तसेच आहे. अमेरिकेतील जुनी पवनजनित्रे, म्हणजे वाऱ्यावर वीज निर्माण करणारी यंत्रे, जपणाऱ्या संग्राहकांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो: पुसट झालेले नाव पुन्हा लिहावे काय, आणि लिहावयाचे तर कोणत्या मर्यादेत?

या यंत्रांचा काळ फार दूरचा नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीजवाहिनीची वीज होती. उरलेल्या घरांतून रेडिओ चालवावयाचा तर बॅटरी भारून आणण्यासाठी गाव गाठावे लागे. आयोवा राज्यातील सू सिटी येथे तयार होणाऱ्या ‘विंचार्जर’ यंत्राने ही गरज ओळखली. सहा व्होल्टची बॅटरी घरच्या घरी भारणारे हे लहान यंत्र झेनिथ कंपनीच्या रेडिओबरोबर सवलतीत विकले जाई. मिनियापोलिसच्या जेकब्स बंधूंची तीन पात्यांची यंत्रे याहून मोठी; त्यांवर सबंध घराचे दिवे चालत. पुढे १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना आली, वीजवाहिन्या शेतांपर्यंत पोहोचल्या आणि ही यंत्रे हळूहळू मनोऱ्यांवरून खाली उतरली.

यंत्राचे तोंड वाऱ्याकडे वळविणारे पत्र्याचे शेपूट हीच त्याची पाटी. दुरून दिसावे म्हणून उत्पादकाचे नाव तेथे ठळक अक्षरांत रंगविलेले असे. मात्र ऊन, पाऊस आणि हिम यांचा मारा त्याच पत्र्यावर सर्वाधिक होई. रंगातील तेल सुकून त्याची भुकटी होते, रंगद्रव्य फिके पडते आणि नाव डोळ्यांना दिसेनासे होते. तरीही ते पूर्णपणे गेलेले नसते. अक्षरांच्या रंगाने खालचा थर काही काळ झाकलेला असतो. त्यामुळे तेथील गंज कमी असतो किंवा पृष्ठभाग किंचित उंच राहतो.

जाणकार कारागीर म्हणूनच प्रथम रंगाचा डबा उघडत नाही. पत्रा घासत नाही, तारेचा ब्रश लावीत नाही; मऊ फडक्याने केवळ धूळ टिपतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत अगदी आडवा टाकला की बुजलेल्या अक्षरांच्या कडा सावलीने उमटतात. मग मोजपट्टी शेजारी ठेवून समोरून छायाचित्र घेतले जाते आणि पारदर्शक कागदावर त्या कडा गिरविल्या जातात. एखाद्या पट्टीखाली, जेथे ऊन पोहोचले नाही, तेथे मूळ रंगाची छटा सापडते.

खरी कसोटी गळालेल्या अक्षरांची. संगणकातील तयार वळण घेणे सोपे, पण त्या काळची अक्षरे बहुधा हाताने रेखलेली असत. त्यांची जाडी आणि अंतरे तयार वळणाशी जुळत नाहीत. ‘विंचार्जर’ हे नाव रोमन लिपीत लिहिताना ‘आर’ दोनदा येतो. शेवटचा गेला असेल तर मधल्यावरून तो घेता येतो. तेवढ्याने भागले नाही तर दुसऱ्या एखाद्या सुस्थितीतील शेपटाचा किंवा जुन्या जाहिरातीचा आधार घ्यावा लागतो. त्यानंतरच अक्षरे कापून साचा तयार होतो आणि त्यावरून रंग भरला जातो. मूळ रेषा किंचित वाकडी असेल तर नवीही तशीच ठेवावी लागते.

येथे धोकाही मोठा आहे. जुन्या खुणेवर एकदा नवा रंग चढला की खालचा पुरावा पुन्हा मिळत नाही. म्हणून पुष्कळदा मूळ शेपूट जसेच्या तसे जपून ठेवणे आणि मनोऱ्यावर चढविण्यासाठी त्याच मापाचा नवा पत्रा रंगविणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. दुसरा धोका बाजाराचा. ठळक नावाचे यंत्र अधिक किमतीला जाते. त्यामुळे नवे अक्षर जुने म्हणून विकण्याचा मोह होतो. नवा रंग मुद्दाम फिका करणे, एका यंत्राची क्रमांकपट्टी दुसऱ्यावर लावणे, ही दुरुस्ती नव्हे. ती खोटी नोंद होय. यावर उपाय साधा आहे: मागील बाजूस नव्या लेखनाचे वर्ष लिहावे, आधीची छायाचित्रे यंत्राबरोबर द्यावीत आणि विक्रीच्या वेळी काय जुने व काय नवे ते आपण होऊन सांगावे.

अशी नोंद असलेले यंत्र कदाचित थोडे कमी दाम आणील. परंतु ते ज्याच्या हाती जाईल त्याला पाटीवरचे नाव आणि विकणाऱ्याचा शब्द, दोन्ही पारखून पाहता येतील.