पट्ट्यावरचा बिल्ला : काही समजुती आणि वस्तुस्थिती

घरी कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थाने त्याचा परवाना महानगरपालिकेकडून घेतला पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडे कित्येकांना प्रथम कळते तेव्हा त्यांच्या मुद्रेवर आश्चर्य आणि संताप यांचे जे मिश्रण उमटते ते पाहण्याजोगे असते. आणि हाच नियम मांजरालाही लावण्याची तजवीज कोठे निघाली की त्या मिश्रणात थट्टेचीही भर पडते. परवाना बंदुकीला असावा, मद्याच्या दुकानाला असावा, फार तर टांग्याला असावा. परंतु उंबऱ्याशी शेपूट हलवीत बसणाऱ्या मुक्या प्राण्याला सरकारी कागदाची गरज कशासाठी, हा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. मात्र त्याच्या अवतीभोवती ज्या समजुती रूढ झाल्या आहेत त्यांतील बऱ्याचशा निराधार आहेत, आणि त्या परवान्याच्या विरोधकांत जितक्या आढळतात तितक्याच त्याच्या कैवाऱ्यांतही आढळतात.

हे अलीकडचे खूळ आहे, ही त्यांतील पहिली समजूत. मुंबई महानगरपालिकेचा कारभार ज्या १८८८ च्या अधिनियमान्वये चालतो त्याच्याच आधारे तेथे पाळीव कुत्र्याचा परवाना दिला जातो. आणि राज्यातील इतर महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात, पालिकेने कोणकोणते कर बसवावेत याची जी यादी आहे तीत जकात आणि नाट्यगृहावरील कर यांच्या पंक्तीला कुत्र्यांवरील करही मुळापासून बसलेला आहे. पुढे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्र सरकारने २००१ साली श्वान जनननियंत्रणाचे नियम केले, तेव्हा कुत्र्यांचे पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन वर्ग पाडून पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण आणि परवाना यांची जबाबदारी स्पष्ट शब्दांत मालकावर टाकली. म्हणजे जो कायदा प्राण्यांचा छळ होऊ नये म्हणून झाला त्याच्याच छायेत ही परवान्याची अट वाढली आहे, हे तिला जुलूम म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पाळलेला कोणता आणि बेवारशी कोणता, हा भेद दफ्तरी नसला म्हणजे काय घडते याचा एक दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. रस्त्यावरचे कुत्रे मारण्याबद्दल शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम देण्याची पद्धत कंपनी सरकारने चालविली होती. इनाम मोजदादीवर मिळत असल्याने शिपायांचा उत्साह कुत्र्याचा धनी शोधण्यात खर्च होण्याचे कारण नव्हते. १८३२ च्या जून महिन्यात, पारशी लोकांच्या एका पवित्र दिवशी, ही मोहीम कोटाच्या भागात सुरू झाली. आणि ज्या धर्मात श्वानाला अंत्यविधीतसुद्धा मानाचे स्थान आहे त्या धर्माचे लोक रस्त्यावर उतरले. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली आणि अखेर पलटण बोलवावी लागली. शांतताप्रिय व्यापारी समाजाने सरकारशी असा उघड झगडा मांडल्याची उदाहरणे त्या काळात फार नाहीत, आणि तो मांडला गेला तो कुत्र्यांपायी.

दुसरी समजूत अशी की, हा सारा पैसे उकळण्याचा प्रकार आहे. या समजुतीला मी निव्वळ गैरसमज म्हणण्यास धजत नाही, कारण परवान्याचे मूळ खरोखरच करात आहे. इंग्लंडात १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला तो फ्रान्सशी युद्ध चालू असताना, म्हणजे खजिन्याला पैशाची निकड होती तेव्हा. १८६७ साली त्या कराच्या जागी वार्षिक परवाना आला, १८७८ मध्ये त्याची फी साडेसात शिलिंग ठरली, आणि त्यानंतर दोन महायुद्धे झाली, साम्राज्य लयास गेले, नाणेपद्धती बदलली, तरी ती फी तेवढीच राहिली. अर्ध्या पेनीचे नाणे व्यवहारातून गेले तेव्हा साडेसदतीस पेन्सांचे सदतीस झाले एवढाच काय तो फरक. शेवटी शेवटी निम्म्याच मालकांकडे परवाना असे आणि वसुलीचा खर्च वसुलीहून अधिक होऊ लागला, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो रद्द झाला. ज्या करातून तिजोरीला काही मिळत नाही आणि ज्याच्या मोबदल्यात मालकालाही काही मिळत नाही तो मरणारच. उलट जर्मनीत नगरपालिकांचा श्वानकर आजही जोमात असून २०२२ साली त्याचे उत्पन्न ४० कोटी युरोंच्या वर गेले. परंतु तो पैसा कुत्र्यांसाठीच खर्च केला पाहिजे असे बंधन तेथे नाही, आणि मांजर तर त्या करातून सर्वस्वी मुक्त आहे.

याहून निराळा मार्ग कॅनडातील कॅलगरी शहराने धरला. तेथे निर्बीजीकरण झालेल्या जनावराची फी कमी ठेवली; हरवलेले जनावर सापडले आणि त्याचा परवाना असला, तर त्याला कोंडवाड्यात न डांबता थेट मालकाच्या घरी पोचविण्याची व्यवस्था केली; आणि २००७ पासून मांजरांनाही याच नोंदीत आणले. फीच्या बदल्यात काहीतरी पदरात पडते हे नागरिकांस दिसले, तेव्हा परवाने घेण्याचे प्रमाण वाढले, आणि ते शहर या बाबतीत इतरांना उदाहरण म्हणून दाखविले जाऊ लागले. आमच्याकडील पालिकांनी फी कमी ठेवली आहे हे खरे. पण कमी फी आणि शून्य मोबदला हाच इंग्लंडातल्या मृत परवान्याचा नमुना होता, याचे भान त्यांनी ठेवल्याचे दिसत नाही.

आता अधिक घातक समजुतीकडे वळू. ‘आमचा कुत्रा बंगल्याबाहेर जात नाही, रेबीज हा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा रोग,’ असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे बोलतात. विषाणूला बंगला आणि रस्ता यांतील फरक कळत नाही. घरचा कुत्रा संध्याकाळी फिरावयास जातो, कुंपणाच्या फटीतून दुसऱ्या कुत्र्याशी भांडतो. मांजर तर रात्री कोठे जाते हे तिच्या धन्यासही ठाऊक नसते, आणि रेबीज झालेल्या कुत्र्याने चावलेली मांजर तो रोग माणसाला देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे दगावतात, त्यांतील बहुसंख्य कुत्र्याच्या चाव्याने. आणि एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. चावा झाल्याबरोबर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि तत्काळ दवाखाना गाठून लस सुरू करणे, एवढेच माणसाच्या हाती राहते.

परवान्याचा खरा उपयोग नेमका येथेच आहे, आणि त्याची वाच्यता फार थोडे लोक करतात. कुत्रा किंवा मांजर चावल्यानंतर दहा दिवस ते जनावर जिवंत आणि निरोगी राहिले, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे वैद्यकशास्त्र मानते आणि उरलेल्या उपचारांत त्याप्रमाणे फेरफार करता येतो. परंतु ज्या जनावराचा धनी माहीत नाही त्याच्यावर दहा दिवस नजर कोणी ठेवावी? गळ्यातल्या बिल्ल्यावर क्रमांक असेल, त्या क्रमांकाशी पालिकेच्या दफ्तरात नाव, पत्ता आणि शेवटच्या लसीची तारीख जोडलेली असेल, तर चावा झालेल्या मुलाच्या आईबापांचे ते दहा दिवस जरा सुसह्य होतात. लसीचा दाखला सादर केल्यावाचून परवाना मिळू नये, ही अट या पद्धतीचा प्राण आहे. ती गाळली तर खाली उरते ती नुसती पावती.

परवान्याचे कैवारी जी समजूत बाळगतात ती अशी की, पाळीव जनावरांची सक्तीने नोंद झाली म्हणजे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मिटेल. हे घडणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभर दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. त्यांच्या वतीने अर्ज भरणारा कोणीच नाही. कुत्र्यांच्या एकूण संख्येपैकी सुमारे ७० टक्क्यांना लस मिळाली तर रोगाचे संक्रमण तुटते असे तज्ज्ञ सांगतात, आणि ते साधून दाखविले शेजारच्या गोव्याने, तेही परवान्याच्या बळावर नव्हे. तेथे वर्षाला हजारो कुत्र्यांना, मग ते दारचे असोत की बाजारातले, जाळ्यात धरून लस टोचण्यात आली, शाळाशाळांतून मुलांना चाव्याविषयी शिकविण्यात आले, संशयित जनावराची खबर देण्यासाठी यंत्रणा उभी राहिली, आणि माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबले. परवाना या कामाला पूरक ठरेल. त्याची जागा तो घेऊ शकत नाही. टाकून दिलेल्या जातिवंत कुत्र्याचा मागोवा मात्र त्याने लागतो, आणि रस्त्यावर येणाऱ्या कुत्र्यांत अशांचीही भर पडतच असते.

काही किरकोळ समजुती राहिल्या, त्या थोडक्यात आटोपतो. परवाना घेतला म्हणजे कुत्र्याच्या चाव्याची जबाबदारी संपत नाही. जनावराच्या बाबतीत हयगय करून इतरांना धोका पोचविणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. परवाना म्हणजे गृहनिर्माण संस्थेची परवानगीही नव्हे, आणि तिची गरजही नाही, कारण प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेला सभासदाच्या पाळीव प्राण्यावर बंदी घालताच येत नाही. विशिष्ट जातींवरील बंदीचाही परवान्याशी कित्येकदा घोळ घातला जातो. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींविषयी काढलेले परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात रद्दबातल ठरविले.

राहता राहिली मांजर. पुणे महानगरपालिकेने २०२२ साली पाळीव मांजरांनाही परवाना लावण्याचे ठरविले तेव्हा शहरात जो हशा पिकला तो पुणेकरांच्या कीर्तीस शोभण्यासारखाच होता. पण रेबीजच्या दृष्टीने पाहिले तर त्यात हसण्यासारखे फारसे नव्हते. अडचण निराळीच आहे. कुत्रा एका घराचा असतो, तर वाड्यातली मांजर सकाळचे दूध एकीकडे, दुपारची माशाची काटे-डोकी दुसरीकडे आणि रात्रीची झोप तिसरीकडे उरकते. या तिघांपैकी अर्जदार कोणी व्हावे आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाची नोटीस कोणाच्या दारावर डकवावी, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीने देणे कठीण आहे. इंग्लंडने जून २०२४ पासून पाळीव मांजरांना कातडीखाली सूक्ष्म नोंद-चिप बसविणे सक्तीचे केले, तेव्हा शेतावरच्या आणि माणसांपासून अलिप्त राहणाऱ्या मांजरांना त्यातून वगळले, आणि वार्षिक फी तर ठेवलीच नाही. कुत्र्याच्या बाबतीत परवान्याची सक्ती मला योग्य वाटते. मांजरीच्या बाबतीत मात्र पालिकेने फीचा आणि खिडकीपुढच्या रांगेचा आग्रह सोडावा, आणि पशुवैद्याने लस टोचताना लिहिलेला दाखलाच मालकाच्या नावासह पालिकेच्या दफ्तरात आपोआप दाखल होईल अशी तरतूद करावी. म्हणजे जो गृहस्थ खर्चाने आणि चिंतेने मांजरीला दवाखान्यात घेऊन गेला त्याच्याकडून पुन्हा निराळा अर्ज मागण्याचे कारण उरणार नाही.